समक्ष पाहिले, वस्ती नाही

वामनरावजींच्या उजव्या अंगठ्याची मला आजही किळस येते. रजिस्टरचं पान उलटायच्या आधी ते तो अंगठा जिभेवर फिरवत, आणि तोंडात तर दिवसभर पान. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या गावांच्या पानांना खालच्या कोपऱ्यात तांबडा डाग पडलेला होता, वाळून पापडासारखा कडक झालेला. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा तीच पानं मलाही उलटावी लागत. पहिले सहा महिने मी डब्यातला भात चमच्याने खाल्ला. कचेरीतले लोक हसायचे. "लाखनीवरून साहेब आला बाप्पा," म्हणायचे.

गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं अशी रीत आहे. मी ती पाळणार नाही. ते वारले तेव्हा पेपरात 'तालुक्याचा चालताबोलता कोश हरपला' असं छापून आलं होतं, म्हणजे बरं बोलण्याचं काम उरकलेलं आहे. 'बोलता' ठीक. पण 'चालता' वाचून मला हसू आलं. घर ते कचेरी आणि कचेरी ते पानठेला, याच्या पलीकडे त्या माणसाचे पाय आपणहून कधी गेले नाहीत.

भंडारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत ते हेडक्लार्क होते. आमच्याकडे बडे बाबू म्हणतात. कोणती तहसील ते सांगत नाही, कारण तिथे आज बसणाऱ्यांचा यात काही दोष नाही. मी लागलो तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि तालुक्याचे तुकडे अजून व्हायचे होते. जंगलापासून नदीपर्यंत पसरलेला प्रचंड मुलूख, शेकडो गावं, गावागणिक तलाव. आणि हा सगळा मुलूख वामनरावजींना तोंडपाठ. गावाचं नाव घ्या. क्षेत्र किती, धानाखाली किती, तलाव कितीव्या गटात, लोकसंख्या, त्यात बाया किती, सगळं सांगणार. डोळे मिटून सांगणार. सांगताना एक पाय खुर्चीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांत टाचणी फिरवणार, आणि सांगून झालं की ती टाचणी परत डबीत टाकणार. त्याच डबीतल्या टाचण्या आम्ही कागदांना लावत होतो.

नवे अधिकारी या पाठांतरावर भाळायचे. "वामनरावजी असताना मला दौरा करायची गरज काय?" असं एक तहसीलदार कौतुकाने म्हणाले होते. त्यांनी खरोखरच केला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण वामनरावजींना उंटही लागत नव्हता. खुर्ची पुरे होती.

त्यांचं एक ब्रीद होतं. "कागद बोलते, मानूस बोंबलते." दाराशी कोणी गाऱ्हाणं घेऊन आला की हे वाक्य ठरलेलं. म्हणून झाल्यावर खिडकीबाहेर पिचकारी. त्या खिडकीखाली लोक बसत असत, आणि लोकांनाही ते माहीत झालं होतं; खुर्ची करकरली की ते निमूटपणे सरकत. मला पिचकारीपेक्षा त्या सरकण्याचा जास्त संताप यायचा.

एकदा भंडाऱ्याहून मोठे साहेब आले. त्यांनी तालुक्याची माहितीपुस्तिका मागितली आणि वामनरावजींनी ती चार महिन्यांत लिहून दिली. 'तालुक्याचा इतिहास, भूगोल व लोकसंख्या'. अक्षर मोत्यासारखं, तेवढं कबूल करतो. त्यातला इतिहास इंग्रजांच्या वेळच्या एका जुन्या पुस्तकातून उचललेला होता आणि भूगोलही तिथलाच. त्यामुळे त्या पुस्तिकेत आमच्या तालुक्याच्या गावाभोवती वाघ विपुल होते आणि नदी नावेतून ओलांडावी लागत होती. पूल होऊन किती वर्षं झाली होती! त्या पुलावरून येणाऱ्या एसटीने आम्ही रोज कचेरीत येत होतो. मी भीत भीत पुलाचं बोललो.

"पुलाचा कागद आपल्या कचेरीत हाय का?" त्यांनी विचारलं.

नव्हता. पूल बांधकाम खात्याचा होता.

"मंग नदीत नाव राहू दे."

साहेबांना पुस्तिका इतकी आवडली की पुढच्या दौऱ्यात त्यांनी वामनरावजींना जीपमध्येच घातलं. पुस्तिकेत ज्याचं वर्णन पानभर होतं तो मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, वेळचा तलाव त्यांना पाहायचा होता. मी मागे फायली मांडीवर घेऊन बसलो होतो. वामनरावजी घामाघूम. बिचाऱ्यांना तो तलाव कोणत्या बाजूला आहे हेही ठाऊक नव्हतं. वाटेत एक मोठं पाणी दिसलं तसं त्यांनी हात केला, "हाच तो, साहेब." आणि उतरून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून तलावाचा सगळा इतिहास सांगितला. कोणी खोदला, किती शेतीला पाणी, पाटाला तोंडं किती. पाळीवर एक म्हातारा गुरं राखत होता. तो जवळ येऊन नम्रपणे म्हणाला, "साहेब, तो तलाव हा नाई जी. तो पल्याडच्या गावाले. हा तं आमच्या बापानं खोदला."

वामनरावजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "रेकार्डावर हाच हाय," ते साहेबांना म्हणाले.

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. म्हातारा पुन्हा गुरांकडे गेला. त्याच्या बापाचा तलाव त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा झाला होता आणि त्याने ते पावसा-वाऱ्यासारखं सोसलं. परतताना जीपमध्ये वामनरावजी खुशीत होते. "भुगोल असा दाखवावा लागते," मला म्हणाले.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूची. ती टाळली तर मीही त्यांच्यासारखाच ठरेन. एका पावसाळ्यात अभिलेख कक्षाचं छप्पर गळायला लागलं. कौलं सरकली होती आणि पाणी थेट जुन्या रजिस्टरांवर. वामनरावजी धावत आत गेले, अंगातला शर्ट काढून त्यांनी गठ्ठ्यावर पसरला, मग धोतर सोडून तेही पसरलं, आणि नुसत्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर दिवसभर भिजत उभे राहिले. ओलं झालेलं एकेक पान फुंकरीने वाळवत होते. डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी मला तो माणूस आवडला, सांगून टाकतो. कागदावरच्या माणसांसाठी का होईना, कोणासाठी तरी तो उघडा पडला होता.

दुसऱ्या दिवशी पुरात घर वाहून गेलेली एक बाई लेकराला घेऊन आली, तिला त्यांनी बाहेरच उभं केलं. ओल्या लुगड्याचं पाणी टपकून रजिस्टरं खराब होतील म्हणून. माझं आवडणं एक दिवस टिकलं.

पैशाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही आणि त्याचा त्यांना कोण गर्व होता! "एक रुपया नाई खाल्ला," म्हणायचे. रुपया नाही खाल्ला. पण चिन्नोर तांदूळ, लाखोळीची डाळ, तलावातले शिंगाडे आणि झिंगे, यातलं ज्या गावाचं जे चांगलं ते वामनरावजींच्या टेबलाखाली येऊन पडे. भूगोलाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध एवढाच. कोणत्या गावचे झिंगे गोड ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

येनखारीचे झिंगे त्यांना फार आवडत.

येनखारीचं सांगायचं तर आधी रिठी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे महसुलात उजाड गावाला रिठी म्हणतात. त्या गावाला शिवार असतं, नकाशावर नाव असतं, फक्त माणूस नसतो. येनखारी कोण्या जुन्या पटकीच्या साथीत ओस पडली होती आणि रजिस्टरात तिच्यापुढे 'रिठी' असं लिहिलं गेलं. पुढे दोन पिढ्यांनी काही घरं परत आली. जुनी बोडी त्यांनी उपसली. बोडी म्हणजे लहान तलाव. तिच्या आधाराने धान लावला, घरं बांधली, चाळीसेक चुली झाल्या. पण रजिस्टर दर वेळी जुन्यावरून नवं उतरवलं जाई. उतरवणारे वामनरावजी. त्यांनी 'रिठी' हा शब्द दर वेळी सुंदर अक्षरात उतरवला.

गाव रिठी, म्हणून लोकसंख्या शून्य. लोकसंख्या शून्य, म्हणून शाळा नाही, हातपंप नाही, दवाखान्याची बाई नाही. माणसं बोडीचं पाणी पीत. त्याच बोडीत म्हशी बसत.

एक्क्याऐंशीच्या जनगणनेच्या आधी येनखारीचा इस्तारी कचेरीत यायला लागला. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. दर खेपेला पळसाच्या पानात बांधलेले झिंगे घेऊन यायचा. त्याचं मागणं एवढंच होतं: या खेपेला आमचं गाव मोजा.

"येनखारी रिठी हाय," वामनरावजी म्हणाले.

"हाये जी. पन आमी राहून राहिलो ना तेथी."

"रिठीत मानूस राहत नाई."

"मंग मी कोन हाव जी?"

"तू मानूस हायेस, मी कोठं नाई म्हणतो? पन तू कुंभीटोल्याचा मानूस हायेस. तुहं रेशनकार्ड कुंभीटोल्याचं, मतदान कुंभीटोल्याले."

"कुंभीटोला नाल्याच्या पल्याड हाये जी. पानी आलं का चार महिने तिकडं जाता नाई येत. तेथचा मास्तर म्हनते, तुमी माह्या हद्दीत नाई, मी तुमाले मोजनार नाई. तुमी म्हनता तुमी तेथचे. आमी जावावं कोठी?"

वामनरावजींनी नकाशा काढला, नाल्याच्या रेघेवर नख ठेवलं आणि म्हणाले, "एवढासा तं नाला हाय." आणि हसले. दातांवर पानाचा लाल चोथा. इस्तारीही हसला. बडे बाबू हसले की हसावं लागतं, एवढं त्याला कळत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी गेलो नाही.

मग ते प्रमाणपत्र आलं. वरून आदेश होता की रिठी गावं नुसती रिठी म्हणून सोडू नका. कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि तसं लिहून द्या. किती शहाणा आदेश! कोणी दुरून का होईना, आमच्यासारख्या कचेऱ्यांना ओळखून होतं. वामनरावजींनी सगळ्या रिठ्यांची प्रमाणपत्रं एका दुपारी लिहून काढली. 'समक्ष जाऊन पाहिले. वस्ती नाही.' खाली सहीची जागा. गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"मी कुठं गेलोय?" मी म्हटलं.

"तू तरुण हायेस. गेला असशील."

"येनखारीत माणसं आहेत, बाबूजी. तो बघा, बाहेर बसला आहे."

"तो कचेरीत बसला हाय. येनखारीत बसला हाय का?" ते म्हणाले. आणि मग खालच्या आवाजात, समजुतीने, "दहा वर्षं झाले, तरी तुहं कायम व्हायचं हाय अजून. रिठी काढाची म्हटलं तं पुरा रेकार्ड उलटावा लागते. कायले उकरतं?"

मी सह्या केल्या. येनखारीच्या कागदावरही केली. बाहेर पडलो तर इस्तारी दारातच उभा. त्याला वाचता येत नव्हतं, पण आत सह्या होताना त्याने पाहिल्या होत्या.

"झालं का जी आमचं काम?"

"झालं," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हात जोडले. त्या हातांना झिंग्यांचा वास होता. वामनरावजींची शिसारी मला वर्षानुवर्षं येत होती. त्या दिवसापासून तिच्यात माझाही वाटा निघाला.

त्याच श्रावणात येनखारीत गॅस्ट्रो लागला. बोडीचं पाणी. नाला भरून वाहत होता. पाण्यात टाकायची पावडर गावाच्या लोकसंख्येवर वाटली जाई आणि आरोग्याची माणसं यादीवरच्या गावांना जात. येनखारी कोणत्याच यादीत नव्हती. पाणी उतरून इस्तारी कचेरीत पोचला तोवर पाच माणसं गेली होती. त्यात त्याची बायको गिरजा होती.

मला वाटलं, आता तरी वामनरावजी पायात वहाणा घालतील. त्यांनी साथीच्या अहवालाचा तक्ता पुढे ओढला आणि पेन हातात घेऊन थांबले. त्यांच्यापुढे खरोखरीची अडचण उभी राहिली होती. कपाळाला आठ्या पडल्या.

"रिठीत मानसं मेले कसे दाखवू?" ते मला म्हणाले. "जेथी वस्ती नाई तेथी मयत कशी लिहू?"

मग त्यांना तोडगा सुचला आणि चेहरा खुलला. पाचही माणसं त्यांनी कुंभीटोल्यात मारली. इस्तारी समोर उकिडवा बसला होता. "ते तेथी नाई मेले जी," तो एवढंच म्हणाला, दोनदा म्हणाला. "कागद बोलते," वामनरावजींनी सुरुवात केली, आणि पुढचं अर्धं वाक्य काही बोलले नाहीत. बहुधा लाज वाटली असावी. की पान तोंडात फिरवायला थांबले होते, कोण जाणे.

मी त्यानंतर येनखारीला गेलो, नाला कमरेइतका असताना. घरं पाहिली, बोडी पाहिली, पाच ठिकाणची ताजी माती पाहिली. आठ पानी अहवाल लिहिला, माझ्या खोट्या सहीसकट सगळं लिहिलं, आणि तहसीलदारांच्या टेबलावर ठेवला. तो खाली आला तो वामनरावजींकडे, अभिप्रायासाठी. त्यांनी अभिप्राय लिहिला: 'अभिलेखाशी विसंगत. दप्तरी दाखल.' मला त्यांनी एका शब्दाने दुखावलं नाही. उलट चहा पाजला. बशीत ओतून फुर्र फुर्र करत पीत म्हणाले, "तुहं अक्षर सुधारून राहिलं." मी चहा तसाच ठेवून उठलो. नोकरी मात्र मी सोडली नाही. ते करणारे वेगळे असतात.

ते निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं सगळं यथासांग झालं. मी हार आणायला गेलो होतो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्याही काही वर्षांनी, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा. नवे तहसीलदार तरुण होते. जीप फसली म्हणून चालत निघाले आणि चुकून येनखारीत पोचले. आले ते तापलेले. "तुमच्या रजिस्टरात हे गाव उजाड आहे आणि मला तिथे पाणी पाजायला वीस माणसं धावली!" महिन्याभरात येनखारीपुढची 'रिठी' ही नोंद काढण्याचा प्रस्ताव तयार झाला. त्यात पहिलं कलम इतिहासाचं: गाव केव्हा उजाड झाले, परत केव्हा वसले. ते कोणाला ठाऊक? सगळ्यांनी एकच नाव घेतलं. जीप पाठवून वामनरावजींना आणलं गेलं.

ज्या गावाला त्यांनी तीस वर्षं शून्य लिहिलं त्या गावात ते पहिल्यांदा उतरले. गावकऱ्यांनी मोहाच्या झाडाखाली खाट टाकली, वर सतरंजी घातली. पाय धुवायला पाणी दिलं. ताटात भात आणि झिंग्यांचा रस्सा आला. वामनरावजी जेवता जेवता इतिहास सांगत होते आणि तलाठी लिहून घेत होता. मिशीला रस्सा लागला होता. "मी तं पहिलेपासूनच म्हणून राहिलो होतो," ते तहसीलदारांना म्हणाले, "का या लोकायचं काही तरी केलं पाहिजे." तहसीलदारांनी मान डोलावली. भोवती येनखारीची माणसं उभी होती. एक बाई वामनरावजींना वारा घालत होती.

घरोघर मोजणी माझ्याकडे होती. मी आता अव्वल कारकून झालो होतो. पहिलं घर इस्तारीचं, खाटेपासून दहा पावलांवर. तो आता वाकला होता. मी जोत्यावर बसलो, फॉर्म उघडला आणि घरातल्यांची नावं विचारली.

"मी इस्तारी," तो म्हणाला. "पोरगा दामा. सून शेवंता. आन् गिरजा."

माझं पेन थांबलं. तो चुकला असेल असं मला वाटलं, वय झालं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो चुकला नव्हता.

"इस्तारीजी," मी हळू आवाजात म्हणालो, "गेलेल्या माणसाला मोजता येत नाही."

"जित्ती होती तवा तरी कोठी मोजली जी तुमी?"

आवाज चढलेला नव्हता. दुधाचा भाव विचारावा तसं त्याने विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट पाहत राहिला.

खाटेवरून वामनरावजींनी ऐकलं असावं. त्यांनी तोंडातला घास गिळला आणि ताट पुढे केलं, अजून रस्सा वाढायला. "तीन लिहा हो," ते मला म्हणाले. "तीन."

मी तीन लिहिले.